ई. कोलायमध्ये प्रकाशचालित ऱ्होडॉप्सिन बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूक्ष्मजीवांची प्रकाशावर चालणारी पटल-प्रथिनं (पेशीच्या पटलात बसणारी प्रथिनं), म्हणजे ऱ्होडॉप्सिनं, ई. कोलाय या जीवाणूमध्ये बनवू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न काम अडल्यावर विचारलेले आहेत, त्यामुळे तत्त्वांपेक्षा अडचणींना जागा जास्त मिळाली आहे. एकाच गोष्टीबद्दल अनेकांनी विचारलं तिथे उत्तर एकदाच दिलं आहे. बाकी ठिकाणी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सूक्ष्मजीवी ऱ्होडॉप्सिन म्हणजे डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिनचाच प्रकार का?

घडण सारखी आहे, क्रम नाही. दोन्हींत प्रथिनाची साखळी पटलाला सात वेळा छेदते आणि सातव्या हेलिक्समधल्या (पिळदार भागातल्या) लायसिन या अमिनो आम्लाला रेटिनल, म्हणजे अ जीवनसत्त्वापासून बनणारा प्रकाश शोषणारा रेणू, शिफ बंधाने (कार्बन आणि नायट्रोजन यांच्यातल्या दुहेरी बंधाने) जोडलेलं असतं. मात्र अमिनो आम्लांचे क्रम जवळजवळ जुळत नाहीत आणि कामाची रीतही वेगळी आहे. डोळ्यातलं ऱ्होडॉप्सिन ११-सिस (वाकलेल्या रूपातलं) रेटिनल वापरतं, आणि प्रकाश पडल्यावर ते रेटिनल शेवटी प्रथिनापासून सुटून जातं. सूक्ष्मजीवी ऱ्होडॉप्सिनमध्ये ऑल-ट्रान्स (सरळ रूपातलं) रेटिनल प्रकाशाने १३-सिस (वाकलेलं) होतं आणि आपोआप मूळ रूपात परततं. बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनचं हे चक्र साधारण १० मिलिसेकंदांत पूर्ण होतं. रेटिनल सुटत नसल्यामुळे तेच प्रथिन पुन्हा पुन्हा वापरता येतं.

या कुळातलं पहिलं प्रथिन, बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन, डीटर ओस्टरहेल्ट आणि वॉल्थर स्टोकेनियस यांनी १९७१ मध्ये हॅलोबॅक्टेरियमच्या जांभळ्या पटलातून ओळखलं. पुढे प्रोटॉन पंप, क्लोराइड पंप, सोडियम पंप, आयन चॅनेल आणि प्रकाश ओळखणारे सेन्सर अशी वेगवेगळी कामं करणारी प्रथिनं याच घडणीत सापडली.

२. मग मूळ जीवातूनच ते का काढत नाहीत?

बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन तसंच काढतात, आणि तुम्हाला फक्त तेच हवं असेल तर ई. कोलायच्या वाटेला जाऊ नका (प्रश्न १९ पाहा). इतरांच्या बाबतीत मात्र मूळ जीव प्रयोगशाळेत वाढवताच येत नाही, अशीच स्थिती बहुधा असते. प्रोटिओऱ्होडॉप्सिनचं जनुक २००० मध्ये ओडेड बेजा आणि सहकाऱ्यांना माँटेरे उपसागराच्या पाण्यातून थेट काढलेल्या डीएनएमध्ये सापडलं. ते एसएआर८६ गटातल्या, तोवर कुणीही वाढवू न शकलेल्या जीवाणूचं होतं. हे प्रथिन प्रोटॉन पंप करतं हे त्यांनी ते ई. कोलायमध्ये बनवूनच दाखवलं. शिवाय म्यूटेशन करून पाहायची असतील किंवा एनएमआरसाठी (चुंबकीय अनुनादाने रेणूची रचना पाहण्यासाठी) नायट्रोजन-१५ घातलेलं प्रथिन हवं असेल, तर ई. कोलायइतकी सोपी वाट दुसरी नाही.

३. ई. कोलाय रेटिनल बनवतच नाही. मग रंग येतो कुठून?

रेटिनल आपण बाहेरून घालतो. तो तेलात विरघळणारा छोटा रेणू असल्याने पेशीच्या आतल्या पटलापर्यंत स्वतःच पोहोचतो, तिथे घडी घातलेल्या प्रथिनाच्या खोबणीत शिरतो आणि लायसिनशी बंध करतो. त्यासाठी वेगळं एन्झाइम लागत नाही.

इथली एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. सुटं रेटिनल ३८० नॅनोमीटरच्या आसपास शोषतं, म्हणून ते फिकट पिवळं दिसतं. त्याचा प्रोटॉनयुक्त शिफ बंध साध्या द्रावणात ४४० नॅनोमीटरच्या आसपास असतो. शोषणाचं हेच शिखर ४९०, ५२५ किंवा ५७० पर्यंत सरकतं ते खोबणीतल्या नेमक्या जागी असलेल्या अमिनो आम्लांमुळे. म्हणजे लाल किंवा जांभळा रंग दिसला, की त्या रेणूंची घडी बरोबर पडली आहे आणि रेटिनल जागेवर बसलं आहे हे एकदमच कळतं. बहुतेक पटल-प्रथिनांवर काम करणाऱ्यांना इतकी सरळ खूण मिळत नाही. तिचा पुरेपूर उपयोग करून घ्या.

४. रेटिनल किती घालायचं, कधी घालायचं आणि कशात विरघळवायचं?

ऑल-ट्रान्स रेटिनल शुद्ध इथेनॉलमध्ये विरघळवून १० मिलिमोलरचा साठा करा आणि इंडक्शनच्या (जनुक चालू करण्याच्या) वेळीच कल्चरमध्ये (वाढत्या पेशींच्या द्रवात) घाला. अंतिम प्रमाण ५ ते १० मायक्रोमोलर पुरतं. एका लिटरला १ मिलिलिटर साठा घातला की १० मायक्रोमोलर होतं. त्यात रेटिनल जेमतेम २.८ मिलिग्रॅम जातं आणि इथेनॉल ०.१ टक्काच राहतं, जे पेशींना सहज सोसतं.

सुरुवातीलाच घालण्याचं कारण असं की अनेक ऱ्होडॉप्सिनं रेटिनलशिवाय डळमळीत असतात. रिकामं प्रथिन, म्हणजे ऑप्सिन, पटलात वाट पाहत राहिलं तर पेशीतले प्रोटिएझ त्याचे तुकडे करतात. रेटिनल लगेच मिळालं तर बरंच प्रथिन वाचतं. प्रोटिओऱ्होडॉप्सिनसारख्या काही प्रथिनांत नंतर, अगदी वेगळ्या केलेल्या पटलातही, रेटिनल घालून रंग आणता येतो. तरी ती पळवाट म्हणूनच ठेवा.

जास्त रेटिनलने जास्त प्रथिन मिळत नाही. उरलेलं रेटिनल पटलातल्या लिपिडांच्या आणि इतर प्रथिनांच्या अमाइन गटांना चिकटतं आणि स्पेक्ट्रममध्ये ३६० ते ३८० च्या पट्ट्यात एक रुंद फुगवटा तयार होतो, जो पुढे जाता जात नाही.

साठा छोट्या नळ्यांत, अंधारात, शक्यतो आरगॉन किंवा नायट्रोजन भरून उणे ८० अंशांवर ठेवा. जुन्या साठ्यावर शंका आली तर थोडासा इथेनॉलमध्ये पातळ करून स्पेक्ट्रम घ्या. शिखर ३८० च्या जवळ हवं. ते खाली सरकलं असेल किंवा बसकं झालं असेल तर साठा टाकून द्या.

५. रेटिनल महाग पडतं. ई. कोलायलाच ते बनवायला लावता येईल का?

येतं. ई. कोलायकडे फार्नेसिल पायरोफॉस्फेट असतंच. त्यापासून बीटा-कॅरोटीनपर्यंत जायला सीआरटी मालिकेतली ई, बी, आय आणि वाय ही चार जनुकं लागतात, आणि बीटा-कॅरोटीन मधोमध तोडून दोन रेटिनल रेणू देणारं बीएलएच हे पाचवं. समुद्री जीवाणूंच्या डीएनएमध्ये ही जनुकं प्रोटिओऱ्होडॉप्सिनच्या शेजारीच सापडतात. २००७ मध्ये असा संपूर्ण संच ई. कोलायमध्ये चालवून बाहेरून रेटिनल न घालता प्रकाशचालित प्रोटॉन पंप दाखवला गेला.

पण एक-दोन लिटरच्या कामासाठी मी हा मार्ग सुचवणार नाही. दोन प्लाझमिडांचा (जनुकं वाहणाऱ्या डीएनएच्या कड्यांचा) भार पेशींवर पडतो आणि न तुटलेलं बीटा-कॅरोटीन पटलात साचून पेशी नारिंगी दिसतात. त्याचं शोषण ४५० ते ४८० च्या आसपास येत असल्याने निळ्या प्रोटिओऱ्होडॉप्सिनचं (प्रश्न १० पाहा) ४९० चं शिखर त्यात बुडून जातं. तुलनेसाठी ऱ्होडॉप्सिन नसलेला पण कॅरोटीन संच असलेला स्ट्रेन (जीवाणूचा वाण) सोबत वाढवला नाही, तर रंगावरून काहीच ठरवता येत नाही.

६. पहिल्यांदाच करतोय. कोणतं ऱ्होडॉप्सिन घेऊ?

हिरवं प्रोटिओऱ्होडॉप्सिन किंवा ग्लिओबॅक्टर ऱ्होडॉप्सिन. दोन्ही ई. कोलायमध्ये भरपूर येतात, दोन्ही प्रोटॉन पंप आहेत आणि दोघांचा रंग नुसत्या डोळ्यांनी दिसतो. क्लोराइड पंप हवा असेल तर नॅट्रोनोमोनास फॅरॅओनिसचं हॅलोऱ्होडॉप्सिन घ्या आणि सोडियम पंप हवा असेल तर २०१३ मध्ये सापडलेलं केआर२. आधी यांपैकी एक यशस्वी करून घ्या. तुमचं रेटिनल, तुमचा स्ट्रेन आणि तुमचं शुद्धीकरण चालतं हे त्याने ठरतं. त्यानंतर तुमच्या नव्या, अनोळखी जनुकाकडे वळा, आणि तेव्हाही हे ओळखीचं प्रथिन प्रत्येक खेपेला शेजारी वाढवत राहा.

७. स्ट्रेन कोणता? साधा बीएल२१ चालेल का?

प्रश्न ६ मधल्या प्रथिनांना साधा बीएल२१(डीई३) चालतो. लॉन आणि ओम्पटी हे प्रोटिएझ त्यात नसतात, हा त्याचा फायदा. अवघड प्रथिनांसाठी सी४१(डीई३) किंवा सी४३(डीई३) घ्या. ब्रुनो मिरू आणि जॉन वॉकर यांनी १९९६ मध्ये हे स्ट्रेन निवडून काढले. एखादं प्रथिन बनवताना बीएल२१ च्या बहुतेक पेशी मरतात, तेव्हा ज्या तगल्या त्या त्यांनी उचलल्या. त्या का तगल्या याचं उत्तर पुढे मिळालं: टी७ पॉलिमरेझ (आपलं जनुक वाचणारं एन्झाइम) चालवणाऱ्या प्रमोटरमध्ये (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या भागात) बदल होऊन पॉलिमरेझच कमी तयार होत होता.

यातून शिकायचं ते असं की पटलात प्रथिन घालणारी यंत्रणा मर्यादित आहे. तिच्या क्षमतेपेक्षा वेगाने प्रथिन बनवलं तर ते पटलाबाहेर गोळा होतं. लेमो२१(डीई३) मध्ये ऱ्हॅम्नोजचं प्रमाण बदलून हा वेग हवा तसा कमी-जास्त करता येतो, म्हणून हट्टी प्रथिनासाठी मी आधी तोच घेते. अरॅबिनोजवर चालणारं पीबॅड प्लाझमिडही चांगलं काम देतं.

८. हिस-टॅग कुठल्या टोकाला लावू? सिग्नल पेप्टाइड ठेवू की काढू?

हिस-टॅग म्हणजे प्रथिन निकेल कॉलमवर पकडता यावं म्हणून जोडलेली हिस्टिडिनची शेपटी. तो सी-टोकाला, म्हणजे साखळीच्या शेवटी लावा. या प्रथिनांचं एन-टोक पेशीबाहेरच्या बाजूला असतं आणि सी-टोक आत. एन-टोकाला लावलेला टॅग पटल ओलांडून न्यावा लागतो, आणि सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाला पटलाकडे नेणारा सुरुवातीचा तुकडा) कापलं गेलं तर टॅगही त्याच्यासोबत जातो. सी-टोकाच्या टॅगमुळे अर्धवट बनलेली साखळीही आपोआप गाळली जाते.

प्रोटिओऱ्होडॉप्सिनचं सिग्नल पेप्टाइड ई. कोलाय ओळखतो आणि कापतो, म्हणून ते राहू द्या. आर्कियातल्या (जीवाणूंहून वेगळ्या सूक्ष्मजीवांच्या गटातल्या) प्रथिनांसाठी एकच नियम सांगता येत नाही. दोन्ही रूपं बनवून छोट्या कल्चरमध्ये रंगाची तुलना करा.

९. तापमान आणि आयपीटीजी किती?

ओळखीच्या प्रथिनांना ३७ अंश, ०.५ ते १ मिलिमोलर आयपीटीजी (जनुक चालू करणारं रसायन) आणि ३ ते ४ तास पुरतात. नव्या प्रथिनाला ३० अंशांवर ०.२ मिलिमोलरने सुरुवात करा. तरीही रंग नाही आला तर १८ ते २० अंश आणि रात्रभर. बाकी कारण प्रश्न ७ मधलंच आहे.

हवेकडे लक्ष द्या. फ्लास्क पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भरू नका.

१०. पेलेट नेमका कोणत्या रंगाचा दिसायला हवा?

हिरव्या प्रोटिओऱ्होडॉप्सिनचं शिखर ५२५ च्या आसपास असतं आणि पेलेट (फिरवून तळाशी बसवलेल्या पेशींचा गोळा) गुलाबी-लाल दिसतो. नावातला ‘हिरवा’ हा शोषलेल्या प्रकाशाचा रंग आहे, पेशींचा नव्हे, आणि यावर दर वेळी कुणीतरी गोंधळतं. निळं प्रोटिओऱ्होडॉप्सिन, शिखर ४९०, नारिंगी दिसतं. या दोघांत मुख्य फरक १०५ व्या जागेवरच्या एका अमिनो आम्लाचा: हिरव्यात ल्यूसिन, निळ्यात ग्लुटामिन. केआर२ लाल, ग्लिओबॅक्टर ऱ्होडॉप्सिन (५४१) गुलाबी-जांभळं, हॅलोऱ्होडॉप्सिन (५७८) जांभळं.

फक्त पिवळसर पेलेट म्हणजे सुटं रेटिनल. त्याला यश समजू नका. रिकाम्या प्लाझमिडच्या पेशींना तेवढंच रेटिनल घालून तो पेलेट शेजारी ठेवला की फरक लगेच कळतो. पेलेट पांढऱ्या कागदावर, दिवसाच्या उजेडात पाहा.

११. जेलवर जाडजूड पट्टा आहे, पण पेलेट पांढराच. प्रथिन तर बनलंय ना?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. साखळी बनली आहे, ऱ्होडॉप्सिन बनलेलं नाही. जेलवर (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणाऱ्या चाचणीत) सगळ्या साखळ्या उलगडूनच धावतात, त्यामुळे पट्टा फक्त किती साखळी तयार झाली एवढं सांगतो. घडी पडली की नाही हे रंग सांगतो. दोघांचं म्हणणं जुळलं नाही तर रंगाचं ऐका.

कारण शोधताना आधी रेटिनल तपासा, कारण ते सर्वांत सोपं आहे: साठा ताजा आहे का (प्रश्न ४), घालायचा राहिला तर नाही, ओळखीचं प्रथिन त्याच साठ्याने रंगतं का. ते रंगत असेल तर दोष रेटिनलचा नाही.

मग प्रथिन कुठे आहे ते पाहा. पेशी फोडून आधी सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या १०,००० पट जोराने) फिरवा, वरचा द्रव मग १,००,००० जीला तासभर. पट्टा पहिल्याच गाळात अडकला असेल तर प्रथिन इन्क्लुजन बॉडीत (घडी न पडलेल्या प्रथिनाच्या गोळ्यात) गेलं आहे. तसं असेल तर वेग कमी करा: तापमान उतरवा, आयपीटीजी कमी करा, स्ट्रेन बदला. डिटर्जंट (पटलातून प्रथिन बाहेर काढणारं साबणासारखं द्रव्य) बदलून इथे काहीही साधत नाही, तरी लोक तिथेच आठवडे घालवतात, याचं फार वाईट वाटतं.

पट्टा दुसऱ्या, म्हणजे पटलाच्या गाळात असेल आणि तरी रंग नसेल तर आशा आहे. त्या पटलात ५ ते १० मायक्रोमोलर रेटिनल घालून अंधारात काही तास ठेवा आणि स्पेक्ट्रम घ्या. शिखर उगवलं तर पेशींपर्यंत रेटिनल पोहोचत नव्हतं. नाही उगवलं तर रेटिनल धरणारा लायसिन खरंच आहे का, हे जनुकाच्या क्रमात पाहा. बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनमध्ये तो २१६ वा असतो, प्रोटिओऱ्होडॉप्सिनमध्ये २३१ वा. मेटाजीनोममधून (निसर्गातल्या नमुन्यातून थेट काढलेल्या डीएनएतून) उचललेल्या काही ऱ्होडॉप्सिनसदृश जनुकांत तो लायसिनच नसतो. अशा प्रथिनाला कितीही रेटिनल घातलं तरी रंग येणार नाही.

१२. आता उलटं: पेलेट लाल आहे, पण जेलवर पट्टा दिसत नाही.

नमुना उकळला असणार. पटल-प्रथिनं एसडीएसमध्ये (जेलसाठी वापरायच्या डिटर्जंटमध्ये) उकळली की एकमेकांना चिकटून विहिरीतच अडकतात. ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून पाहा. शिवाय ही प्रथिनं आपल्या वजनापेक्षा खाली धावतात. २७ किलोडाल्टनचं प्रथिन २७ लाच शोधत बसू नका.

१३. सगळं काम अंधारात करायचं का?

रेटिनलच्या साठ्याचं काम मंद प्रकाशात करा, आणि रेटिनल घातल्यावर फ्लास्कवर फॉइल गुंडाळा. एकदा रेटिनल प्रथिनात बसलं की साध्या खोलीच्या उजेडाला घाबरायचं कारण नाही. ही प्रथिनं डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिनसारखी विटत नाहीत (प्रश्न १).

मोजमापाच्या वेळी मात्र प्रकाश महत्त्वाचा ठरतो. बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन अंधारात ठेवलं तर काही रेटिनल १३-सिस होऊन शिखर ५५८ वर येतं, आणि प्रकाश दाखवला की ५६८ वर जातं. म्हणून शिखराचा आकडा लिहिताना नमुना अंधारातून आणलेला होता की उजेडातून, हेही लिहा.

१४. पटलातून बाहेर काढायला कोणतं डिटर्जंट?

डीडीएम या सौम्य डिटर्जंटने सुरुवात करा. पटल १ ते २ टक्के डीडीएममध्ये, ४ अंशांवर, हळू ढवळत काही तास. नंतर १,००,००० जीला तासभर फिरवलं की रंग वरच्या द्रवात यायला हवा. त्यानंतर निकेल कॉलमवर प्रत्येक बफरमध्ये ०.०२ ते ०.०५ टक्के डीडीएम ठेवा. डीडीएमची मायसेल (डिटर्जंटचे सूक्ष्म गोळे) बनण्याची मर्यादा सुमारे ०.००९ टक्के आहे, तिच्या खाली गेलात तर प्रथिन गोळा होतं. धुताना २० ते ५० मिलिमोलर इमिडाझोल (टॅग निकेलपासून सोडवणारं रसायन), उतरवताना २५० ते ५००. रंग कॉलमवरून खाली सरकताना डोळ्यांनी दिसतो, त्यामुळे कोणती नळी गोळा करायची याचा अंदाज बांधावा लागत नाही.

खारट जागच्या आर्कियातली प्रथिनं असतील तर बफरमध्ये मीठ कमी पडू देऊ नका. त्यांच्या पृष्ठभागावर आम्लधर्मी अमिनो आम्लं दाटलेली असतात, आणि मिठाशिवाय ती एकमेकांना ढकलून घडी सैल करतात. ०.३ मोलरपासून सुरू करून १ मोलरपर्यंत जायला हरकत नाही.

१५. शुद्ध झालं का आणि किती मिळालं, हे कसं ठरवू?

एकाच स्पेक्ट्रमवरून. २८० वरचं शोषण सगळ्या प्रथिनाचं, दृश्य शिखर फक्त रेटिनल बसलेल्या प्रथिनाचं. बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनसारख्या प्रथिनात पहिल्याला दुसऱ्याने भागून २ च्या खाली आकडा आला तर नमुना चांगला. ४ किंवा ५ आला तर परकी प्रथिनं आहेत किंवा बरंच ऑप्सिन रिकामं आहे.

प्रमाणासाठी उदाहरण: बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनचा मोलर शोषणांक ५६८ नॅनोमीटरला सुमारे ६३,००० आहे. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये शोषण ०.६३ आलं तर द्रावण १० मायक्रोमोलर, म्हणजे मिलिलिटरमध्ये साधारण ०.२७ मिलिग्रॅम. दुसऱ्या प्रथिनाला हाच अंक सरसकट लावू नका. प्रश्न १६ मधल्या पद्धतीने तो स्वतः काढता येतो.

४१० च्या आसपास टोकदार शिखर दिसलं तर ते बहुधा ई. कोलायच्या सायटोक्रोमचं (लोह असलेल्या रंगीत प्रथिनाचं) असतं. एसीआरबी हे पटल-प्रथिनही निकेलला घट्ट चिकटतं. ते रंगहीन असल्याने फक्त जेलवर, १०० किलोडाल्टनच्या वर दिसतं. दोन्हींवर उपाय म्हणजे इमिडाझोलची धुलाई वाढवणं आणि शेवटी जेल फिल्ट्रेशन (कॉलममधून प्रथिनं आकारानुसार वेगळी करणं).

१६. शुद्ध न करता शिखर कळेल का? प्रथिन फारच थोडं आहे.

हो, हायड्रॉक्सिलअमाइन वापरून. पटलाचा गढूळ नमुना घ्या, त्यात हायड्रॉक्सिलअमाइन घाला आणि प्रकाश दाखवा. ते रेटिनल ओढून घेतं, ऱ्होडॉप्सिनचं शिखर जातं आणि ३६० च्या आसपास रेटिनल-ऑक्झाइमचं शिखर उगवतं. आधीच्या स्पेक्ट्रममधून नंतरचा वजा केला की गढूळपणा, सायटोक्रोम, सगळं कापलं जातं आणि प्रथिनाचं खरं शिखर उरतं. ऑक्झाइमचा शोषणांक माहीत असल्याने किती शिखर गेलं आणि किती ऑक्झाइम आलं, याच्या गुणोत्तरातून प्रथिनाचा अंकही मिळतो. हायड्रॉक्सिलअमाइन विषारी आहे, हातमोजे घाला.

१७. माझा पंप खरंच पंप करतो का, हे पेशींवरच पाहता येईल का?

येतं, आणि साध्या पीएच इलेक्ट्रोडवर. पेशी बफर नसलेल्या १०० मिलिमोलर मिठाच्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, दाट घोळ करा, अंधारात पीएच स्थिरावू द्या आणि मग ५०० नॅनोमीटरच्या वरचा प्रकाश द्या. प्रोटॉन बाहेर पडले की पीएच उतरतो, दिवा बंद केला की परत चढतो. मग १० मायक्रोमोलर सीसीसीपी घाला. त्याने पटल प्रोटॉनांना मोकळं होतं, आणि उतार नाहीसा व्हायला हवा. दिवा आणि नळी यांच्यामध्ये पाण्याची पेटी किंवा उष्णतेचा फिल्टर हवाच, कारण गरम झाल्यानेही इलेक्ट्रोडचा आकडा सरकतो. रेटिनल न घातलेल्या पेशी शेजारी तपासल्या नसतील तर निष्कर्ष काढू नका.

धुताना बफर राहिला तर काहीच दिसत नाही. ‘पंप चालत नाही’ अशा अनेक तक्रारी एकदा जास्त धुतल्यावर मिटतात.

१८. दिवा लावल्यावर माझा पीएच चढला! प्रथिन उलटं बसलंय का?

बहुतेक वेळा नाही. तुमचा पंप प्रोटॉनचा नसेल. सोडियम पंप सोडियमचे धन आयन बाहेर टाकतो, क्लोराइड पंप ऋण आयन आत आणतो. दोन्हींमुळे पेशीची आतली बाजू जास्त ऋण होते आणि बाहेरचे प्रोटॉन आपोआप आत ओढले जातात, म्हणून पीएच चढतो. ओळखायची खूण सीसीसीपी. प्रोटॉन पंपाचा संकेत त्याने मरतो, इथे उलट वाढतो. पुढे आयन बदलून पाहा. सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातल्यावर चढ गेला तर सोडियम पंप, सोडियम सल्फेटमध्ये गेला तर क्लोराइड पंप. केआर२ सोडियम नसताना प्रोटॉन बाहेर टाकतं, त्यामुळे पोटॅशियममध्ये पीएच चक्क उतरतो. तो प्रयोगातला दोष नाही.

पूर्ण पेशींऐवजी सोनिकेशनने केलेल्या पटल-पिशव्या वापरल्या असतील तर त्यातल्या बऱ्याच उलट्या बंद झालेल्या असतात. अशा वेळी सगळ्या दिशा उलट वाचा.

आणखी एक फसवा प्रकार: सेन्सरी ऱ्होडॉप्सिन-२ पंप नसूनही पेशीत एकटं बनवलं तर थोडे प्रोटॉन पंप करतं. त्याचा जोडीदार, ट्रान्सड्यूसर, सोबत बनवला की ते थांबतं.

१९. सर्वांत प्रसिद्ध बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनच ई. कोलायमध्ये का येत नाही?

ऑप्सिन तयार होतं, पण फार थोडं, आणि ते पटलात नीट बसत नाही. १९८० च्या दशकात हर गोविंद खोराना यांच्या गटाने यावर वाट काढली: ऑप्सिन उलगडलेल्या अवस्थेत काढायचं आणि मग लिपिड, डिटर्जंट व रेटिनल देऊन नव्याने घडी घालायची. पूर्ण उलगडलेलं बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन पुन्हा रंगीत होतं हे त्यांनी १९८१ मध्ये दाखवलं होतं. त्यांच्या अनेक म्यूटंटांचा अभ्यास याच मार्गाने झाला. पण ते पाहून इतर ऱ्होडॉप्सिनच्या इन्क्लुजन बॉडींना घडी घालायला बसू नका. असं सहज जमणारी पटल-प्रथिनं थोडी आहेत.

आज त्याच कुळातली ई. कोलायला मानवणारी भावंडं उपलब्ध आहेत. हॅलोक्वाड्रॅटम वॉल्सबीचं बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन आणि हॅलोआर्क्युला मॅरिसमॉर्टुईचं पहिलं बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन दोन्ही छान येतात. दुसऱ्याचा डी९४एन म्यूटंट तर इतका भरवशाचा आहे की अवघड पटल-प्रथिनांना तो जोडून त्यांचं उत्पादन वाढवतात.

२०. चॅनेलऱ्होडॉप्सिन-२ बनवायचं आहे. हीच पद्धत चालेल?

नाही. ते क्लॅमिडोमोनास या शैवालाचं, म्हणजे दृश्यकेंद्रकी जीवाचं प्रथिन आहे आणि ई. कोलायमध्ये त्याची घडी क्वचितच नीट पडते. पिकिया यीस्ट, कीटकांच्या पेशी किंवा सस्तन प्राण्यांच्या पेशी वापरा.

२१. बफर बदलला आणि प्रथिनाचा रंगच बदलला. खराब झालं का?

लगेच टाकून देऊ नका. हिरव्या प्रोटिओऱ्होडॉप्सिनमध्ये शिफ बंधाकडून प्रोटॉन घेणाऱ्या ९७ व्या अ‍ॅस्पार्टेटचा पीकेए ७ ते ७.५ च्या आसपास आहे. म्हणजे आपण रोज वापरतो त्या पीएचलाच अर्ध्या रेणूंत त्यावर प्रोटॉन असतो, अर्ध्यांत नसतो. अल्कधर्मी बफरमध्ये शिखर ५२० च्या जवळ, आम्लधर्मी बफरमध्ये ५४५ च्या जवळ, आणि रंग लालवरून जांभळ्याकडे झुकतो. बफर पूर्ववत केला की रंगही परततो. पंपाची मोजणी करायची असेल तर ८ च्या वर राहा. हॅलोऱ्होडॉप्सिनमध्ये हीच गोष्ट क्लोराइडमुळे होते: क्लोराइड पूर्ण काढलं की शिखर ५७८ वरून ६०० वर जातं आणि द्रावण निळं होतं.

परत न येणारा बदल म्हणजे शिखर खाली जाऊन ३८० चं वाढणं. तिथे रेटिनल सुटलेलं असतं, आणि ते प्रथिन गेलं.

२२. प्रकाश दिला तर हे जीवाणू वेगाने वाढतील का?

साध्या माध्यमात, हवा आणि अन्न भरपूर असताना, फरक दिसण्याची अपेक्षा ठेवू नका. श्वसनातून मिळणारी ऊर्जा इतकी असते की पंपाची भर त्यात हरवते. श्वसन रोखलं की चित्र बदलतं. २००७ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात अझाइडने श्वसन दाबलेल्या ई. कोलायची फ्लॅजेला (पोहण्याची शेपटी) प्रोटिओऱ्होडॉप्सिनवर प्रकाश पाडताच वेगाने फिरू लागली. तुमच्या प्रयोगाची मांडणीही अशीच, ऊर्जेची टंचाई असलेली हवी.

२३. शुद्ध प्रथिन किती दिवस टिकतं? गोठवू का?

प्रोटिओऱ्होडॉप्सिन डीडीएममध्ये, अंधारात, ४ अंशांवर काही आठवडे चांगलं राहतं. इतरांचं तुम्हालाच पाहावं लागेल: दर आठवड्याला स्पेक्ट्रम घ्या, दृश्य शिखर आणि ३८० यांची नोंद ठेवा. गोठवायचं असेल तर १० टक्के ग्लिसरॉल घालून छोट्या नळ्यांत द्रव नायट्रोजनमध्ये झटपट गोठवा आणि एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवू नका. सर्वांत टिकाऊ रूप मात्र शुद्ध प्रथिन नव्हे, तर न विरघळवलेलं पटल. जास्तीचं काम नंतर करायचं असेल तर पटलाच्या टप्प्यावरच थांबा, ते उणे ८० ला ठेवा आणि लागेल तेवढंच डिटर्जंटमध्ये काढा.